हेलियम उकळायचा थांबतो तेव्हा

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. हेलियमचा शोध इथे लागला, असे कोकणात अभिमानाने सांगतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. इतिहास थोडा वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हतेच. त्यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर विल्यम रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळाही काढला होता. कट्टे खरे आहेत, लॉकियर खरे आहेत, फक्त साल तीस वर्षांनी पुढचे आहे. एवढी दुरुस्ती केली तरी त्या जागेचे मोल तसूभरही कमी होत नाही.

हेलियमपासून सुरुवात करण्याचे कारण आहे. द्रव्याच्या अवस्था किती, हा प्रश्न ज्याला नीट समजून घ्यायचा आहे, त्याला हेलियमसारखा वाटाड्या नाही. तो सूर्याच्या पोटात एका अवस्थेत असतो, फुग्यात दुसऱ्या, एमआरआयच्या यंत्रात तिसऱ्या, आणि आणखी थोडा गार केला की अशा अवस्थेत जातो जिचे वर्णन करायला शाळेतले शब्द अपुरे पडतात.

शाळेत आपण काय शिकलो? स्थायूला आकार असतो आणि आकारमानही. द्रवाला आकारमान असते, आकार नसतो. वायूला दोन्ही नसतात. सोयीची मांडणी आहे आणि स्वयंपाकघरापुरती खरीही आहे. पण ती द्रव्य कसे दिसते ते सांगते, आतले कण एकमेकांशी कसे वागतात ते सांगत नाही. भौतिकशास्त्र अवस्था ठरवते ती आतल्या शिस्तीवरून. अब्जावधी कण एकत्र आल्यावर त्यांच्यात कोणती रचना उभी राहते, आणि बाहेरून ढकलले, तापवले, चुंबकाजवळ नेले तर ती सगळी मिळून कसा प्रतिसाद देतात? फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये एका छोट्या निबंधात ठासून मांडले की संख्या वाढली की नुसती बेरीज होत नाही, नवे नियम जन्माला येतात. पाण्याचा एक रेणू ओला नसतो, गोठलेला नसतो, वाफही नसतो. हे सगळे गुण जमावाचे आहेत.

हे एकदा पटले की 'एकूण अवस्था किती' या प्रश्नातली गंमत कमी होते. कुणी पाच सांगतो, कुणी सात, कुणी पंचवीस. मला ती मोजदाद फारशी महत्त्वाची वाटत नाही. कोणती शिस्त कुठे सापडली आणि ती कशावरून ओळखली, हे पाहण्यात खरी मौज आहे.

आधी ओळखीच्या सीमाच किती पक्क्या आहेत ते पाहू. नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे संच आहेत. त्यांच्या बॉयलरमध्ये पाणी ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार दाबाच्या पलीकडे नेतात. त्या बिंदूच्या पलीकडे पाणी आणि वाफ यांच्यातली सीमारेषाच पुसली जाते. उकळणे नाही, बुडबुडे नाहीत, खाली पाणी आणि वर वाफ असा थर नाही. जुन्या बॉयलरमध्ये पाणी आणि वाफ वेगळी करायला मोठा ड्रम लागायचा; इथे वेगळे करण्यासारखे काही उरतच नाही, म्हणून ड्रमही नाही. या द्रव्याला द्रव म्हणा किंवा वायू म्हणा, निसर्गाला फरक पडत नाही. आपल्या घरातला दिवा लावणारी ही अवस्था पाठ्यपुस्तकातल्या तिन्ही रकान्यांत बसत नाही.

दुसरे उदाहरण प्लाझ्माचे. परिभाषेत त्याला आयनद्रायू असेही नाव आहे. वायू पुरेसा तापला, किंवा त्यातून विजेचा झोत गेला, की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युतभारित कणांचा गर्दा तयार होतो. अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये त्याला प्लाझ्मा म्हटले. आकाशातली वीज, वेल्डिंगची कमान, जुन्या ट्यूबलाइटच्या आतला उजेड, सूर्य आणि सगळे तारे या अवस्थेत आहेत. विश्वातले डोळ्यांना दिसणारे बहुतेक द्रव्य प्लाझ्माच आहे. म्हणजे ज्याला आपण 'चौथी' म्हणून शेवटी जोडतो ती अवस्था विश्वात पहिल्या क्रमांकाची आहे; बर्फ आणि पाणी हेच अपवाद.

प्लाझ्माचा विचार करताना मेघनाद साहा यांचे नाव घ्यायलाच हवे. १९२० मध्ये त्यांनी मांडलेले समीकरण सांगते की अमुक तापमानाला आणि अमुक दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील. त्याआधी ताऱ्यांचे वर्णपट म्हणजे नुसता रेषांचा संग्रह होता. साहांच्या समीकरणाने त्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान वाचता येऊ लागले. सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तेच समीकरण वापरून दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. आज गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' या टोकामॅक यंत्रात हेच द्रव्य चुंबकीय क्षेत्राच्या विळख्यात धरून ठेवायचा अभ्यास चालतो. धरायला चुंबक लागतो, कारण या तापमानाला टिकेल असे भांडे नाही. मात्र वायूचा प्लाझ्मा होताना पाणी गोठताना दिसतो तसा ठळक टप्पा नसतो. तो हळूहळू होत जातो. काटेकोर बोलायचे तर प्लाझ्माचे 'चौथी अवस्था' हे बिरूद थोडे सैल आहे. तरी त्याची वागणूक इतकी निराळी आहे की हट्ट धरण्यात अर्थ नाही.

आता हातात घेऊन पाहता येईल असे काही. घरातला साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि पोलराइज्ड गॉगल. गॉगलमधून कॅल्क्युलेटरचे आकडे पाहत कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवा. एका कोनात सगळी पट्टी काळी होते, आणखी फिरवली की परत उजळते. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो, म्हणून हे घडते. त्या पडद्यात दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर असतो. त्याचे लांबोळके रेणू द्रवासारखे सरकतात, पण तोंडे मात्र एका दिशेला धरून असतात. जागेची शिस्त मोडली, दिशेची टिकली. वीज दिली की रेणू दिशा बदलतात आणि आकडा उमटतो.

ही अवस्था प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये दिसली. गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला पदार्थ १४५.५ अंशाला वितळला, पण गढूळ राहिला, आणि १७८.५ अंशाला एकदम स्वच्छ झाला. एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू! पदार्थ अशुद्ध असेल असे म्हणून तो फेकून देणे सोपे होते. त्यांनी फेकला नाही. पुढे १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचाही द्रवस्फटिक होतो हे दाखवले. तोवर त्यासाठी रेणू काठीसारखा लांबच हवा, अशी समजूत होती. नाण्यांच्या चवडी रचाव्यात तसे ते रेणू एकावर एक रचले जातात. आपल्याकडे या कामाचे पुरेसे कौतुक झाले नाही, असे मला नेहमी वाटते.

तापवण्याच्या दिशेने एवढे पाहिले. पण सर्वांत विलक्षण अवस्था सापडल्या त्या थंडीत.

१० जुलै १९०८ रोजी नेदरलँड्समधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांनी हेलियमचे पहिल्यांदा द्रवात रूपांतर केले. त्यासाठी उणे २६९ अंशांपर्यंत, म्हणजे ४.२ केल्व्हिनपर्यंत उतरावे लागले. तीन वर्षांनी, ८ एप्रिल १९११ रोजी, त्याच प्रयोगशाळेत द्रव हेलियममध्ये बुडवलेल्या पाऱ्याचा विद्युतरोध मोजता मोजता नाहीसा झाला. अतिसंवाहकता सापडली. त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि वहीत तिची नोंदही आहे: तापमान आणखी उतरवताना हेलियमचे उकळणे अचानक थांबले आणि तो शांतपणे आटू लागला. एकाच दिवशी, एकाच टेबलावर द्रव्याच्या दोन नव्या अवस्था समोर होत्या. एक ओळखली गेली. दुसरीचा अर्थ लागायला २७ वर्षे गेली.

हे उकळणे थांबण्याचे दृश्य मिळाले तर एकदा जरूर पाहावे. त्याच्या चित्रफिती सहज मिळतात. काचेच्या भांड्यातला द्रव हेलियम पंपाने वाफ ओढून गार करत नेतात. तो खदखदत असतो, बुडबुड्यांनी भरलेला. तापमान २.१७ केल्व्हिनला पोचते आणि एका क्षणात, कुणी बटण दाबावे तशी, सगळी खळबळ थांबते. द्रव आरशासारखा निश्चल होतो. कारण असे की बुडबुडा होण्यासाठी द्रवात एखादी जागा आजूबाजूपेक्षा जरा जास्त तापावी लागते. या नव्या अवस्थेत उष्णता इतक्या झपाट्याने पसरते की कुठलीच जागा वेगळी तापू शकत नाही. वाफ होते ती फक्त पृष्ठभागावरून.

मग १९३८ उजाडले. मॉस्कोत प्योत्र कापित्सा आणि केंब्रिजमध्ये जॉन अ‍ॅलन व डॉन मायझनर यांचे निबंध 'नेचर'च्या जानेवारीतल्या एकाच अंकात आले. कापित्सांनी दोन गुळगुळीत काचचकत्यांमधल्या फटीतून हेलियम वाहू दिला आणि त्याची चिकटता २.१७ केल्व्हिनच्या वर असते तिच्या किमान दीड हजार पटींनी कमी आहे असे मोजले. नाव दिले अतिद्रव. अतिद्रव हेलियम पेल्यात ठेवला तर त्याचा पातळ पापुद्रा आतून भिंत चढतो, काठ ओलांडतो, बाहेरून खाली उतरतो आणि तळाशी थेंब थेंब गळतो. पेला आपोआप रिकामा होतो. सिरॅमिकची जी बारीक छिद्रे साधा द्रव अडवतात, त्यांतून तो आरपार निघून जातो. भांडे गरगर फिरवले तर तो एकसंध फिरत नाही. त्यात बारीक भोवरे उठतात आणि प्रत्येक भोवऱ्याचे बळ अगदी सारखे, ठरलेल्या मापाचे असते. अर्धा भोवरा होऊ शकत नाही.

याच वर्षी, एप्रिल १९३८ मध्ये, कापित्सांच्या संस्थेतला सिद्धान्तकार लेव लांदाऊ याला स्टालिनच्या पोलिसांनी पकडले. कापित्सांनी मोलोतोव यांना पत्र लिहून सांगितले की निरपेक्ष शून्याजवळचे हे कोडे सोडवायला आपल्याला लांदाऊच हवा आहे. वर्षभराने लांदाऊ सुटला आणि १९४१ मध्ये त्याने अतिद्रवाचा सिद्धान्त दिला. एका द्रवाच्या वागणुकीने एका माणसाचा जीव वाचवला असे म्हटले तर फार चुकणार नाही. पण कापित्सांच्या धैर्याशिवाय ते झाले नसते, हेही तितकेच खरे.

हे सगळे का घडते, याची किल्ली मात्र ढाक्याहून आलेली होती. ४ जून १९२४ रोजी ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना आपला निबंध पाठवला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवून आणला. बोस यांची कल्पना दोन नाण्यांवर समजते. दोन नाणी उडवा. दोन्ही छाप पडण्याची शक्यता चारात एक, दोन्ही काटा चारात एक, आणि एक छाप एक काटा चारात दोन; कारण पहिले छाप-दुसरे काटा आणि पहिले काटा-दुसरे छाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता समजा ही दोन नाणी तत्त्वतःच वेगळी ओळखता येत नाहीत. पहिले-दुसरे हा भेदच नाही. मग शक्यता उरतात तीन, आणि प्रत्येकीचा वाटा एक तृतीयांश. दोन्ही सारखी पडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन तृतीयांशावर गेली. कुणी कुणाला ओढले नाही, ढकलले नाही. केवळ ओळख पुसल्यामुळे सारखे होण्याकडे कल वाढला.

प्रकाशकणांसाठी मांडलेली ही मोजणी आइन्स्टाइननी अणूंना लावली आणि भाकीत केले की पुरेशा थंडीत असंख्य अणू एकाच पुंजस्थितीत उतरतील. दिंडीत पावली पडते तेव्हा शेकडो पाय एका तालात पडतात, तसे काहीसे. पण वारकरी वेगवेगळे ओळखता येतात, अणू येत नाहीत; म्हणून ही उपमा इथेच सोडलेली बरी.

भाकीत प्रत्यक्षात यायला सत्तर वर्षे लागली. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेत बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी सुमारे दोन हजार रुबिडियम अणूंचे बोस-आइन्स्टाइन संघनित मिळवले. तापमान होते १७० नॅनोकेल्व्हिन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा साधारण साठ लाखावा भाग. आधी लेसरच्या झोतांनी अणूंचा वेग मारायचा. मग बशीत ओतलेला चहा निवतो त्या युक्तीने सगळ्यात चपळ अणू निसटू द्यायचे, की उरलेले अधिक गार. काही महिन्यांत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमचे संघनित केले आणि २००१ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. पुण्याच्या आयसर संस्थेत आज अशा अतिशीत रुबिडियम अणूंवर काम चालते. सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापर्यंत वेळ मोजणे, गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक पकडणे असे या क्षेत्राचे उपयोग आहेत. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुंजभौतिकी इथे एकट्यादुकट्या कणापुरती राहत नाही. हजारो अणूंचा ढग एकाच लाटेसारखा वागतो आणि कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घेता येते.

अतिसंवाहकाकडे वळताना एवढेच लक्षात ठेवावे की इलेक्ट्रॉन हे बोस यांच्या नियमाने वागणारे कण नाहीत. दोन इलेक्ट्रॉन एका स्थितीत बसत नाहीत. पण थंडीत त्यांच्या जोड्या जमतात आणि जोड्या मात्र एकत्र चालू शकतात. हे स्पष्टीकरण १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिले. एमआरआयच्या यंत्रात निओबियम-टायटॅनियमच्या तारेतून वीज एकदा फिरवून दिली की वर्षानुवर्षे फिरत राहते. ती तार थंड ठेवायला आपला हेलियमच लागतो. १९८६ मध्ये झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत अधिक तापमानाची अतिसंवाहकता शोधली आणि वर्षभरात ती ९३ केल्व्हिनवर पोचली. स्वस्तातल्या द्रव नायट्रोजनने, म्हणजे ७७ केल्व्हिनला, भागू लागले. पण इथे जोड्या नेमक्या कशा जमतात, यावर चाळीस वर्षांनंतरही एकमत नाही. या विषयातले हे सर्वांत मोठे उघडे कोडे आहे.

आणि या कोड्यामुळेच घाईचे दावेही होतात. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून 'एलके-९९' हा घरच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक सापडल्याचा गाजावाजा झाला. महिन्याभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. विद्युतरोध एकदम उतरत होता तो त्यातल्या तांब्याच्या सल्फाइडच्या अशुद्धीमुळे. तिची रचना १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते.

याउलट एक प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. स्थायू असूनही अतिद्रवासारखा वाहणारा 'अतिस्थायू' असू शकतो, असे सिद्धान्त सांगत होता. २००४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोझेस चॅन आणि उन-सोंग किम यांनी सच्छिद्र काचेत दाबाखाली गोठवलेला हेलियम एका पिळाच्या लोलकात बसवला आणि लोलक झुलवला. ०.२ केल्व्हिनच्या खाली लोलक जरा जलद झुलू लागला, जणू काही हेलियमचा थोडा भाग जागच्या जागी थांबून उरलेल्याला जाऊ देत होता. जगभर खळबळ उडाली. २००७ मध्ये कॅनडात जॉन बीमिश यांनी दाखवले की थंडीत घन हेलियम कडकही होतो. लोलक जलद झुलण्यामागे तेही कारण असू शकते. चॅन यांनी काय करावे? त्यांनी उपकरण नव्याने घडवले, काचेबाहेर मोकळा हेलियम राहायला जागाच ठेवली नाही, आणि २०१२ मध्ये स्वतःच जाहीर केले की आता तो परिणाम दिसत नाही. स्वतःच्या नावावर लागलेला शोध स्वतःच्या हाताने पुसला.

अतिस्थायू पुढे सापडला, पण वेगळ्या घरी. २०१७ मध्ये झुरिक आणि एमआयटीत अतिशीत अणूंच्या संघनितात त्याची लक्षणे दिसली, २०१९ मध्ये डिस्प्रोसियमच्या अणूंत ती अधिक स्पष्ट झाली, आणि २०२४ मध्ये इन्सब्रुकच्या गटाला त्यात अतिद्रवाची खूण असलेले भोवरेही दिसले.

आतापर्यंतच्या अवस्थांत कणांची कुठली तरी मांडणी दाखवता येत होती. १९८० नंतर अशा अवस्था सापडल्या ज्यांत मांडणीकडे पाहून काहीच कळत नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रनोबलला क्लाउस फॉन क्लिट्झिंग अतिशय पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांचा प्रबळ चुंबकीय क्षेत्रातला रोध मोजत होते. क्षेत्र वाढवत नेले तरी रोध पायरीवर थांबायचा, आणि पायरी ठरायची ती २५,८१२.८०७ ओहमला पूर्णांकाने भागून. नमुना चांगला असो वा मळका, आकडा तोच. असे का, हे डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी संस्थितीच्या गणितातून दाखवले. बटाटेवडा आणि मेदूवडा यांतला फरक आठवा. वडा चेपा, वाकवा, लांब करा. मेदूवड्याचे भोक एकच राहते. ते दीड होत नाही. या अवस्थेतला पूर्णांक त्या भोकासारखा आहे. बारीकसारीक दोषांनी तो हलत नाही, आणि म्हणूनच आज ओहमचे प्रमाण या पायऱ्यांवरून ठरते. थाउलेस, हॉल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते या विचारासाठी.

त्याहून चक्रावणारी गोष्ट १९८२ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केली. पूर्णांकाच्या जागी एक तृतीयांशाची पायरी! इलेक्ट्रॉन तर तुटत नाही. पण त्यांचा समूह असा वागतो की त्यात विद्युतभार तिसऱ्या हिश्शाने वावरतो. अशा अपूर्णांकांची रांगच लागली, आणि तिला एका सूत्रात ओवले १९८९ मध्ये जैनेंद्र जैन यांनी. इलेक्ट्रॉन सम संख्येने भोवरे अंगावर घेऊन एक नवाच संमिश्र कण बनतो, ही त्यांची कल्पना. राजस्थानातल्या सांभरमध्ये वाढलेल्या, लहानपणी अपघातात पाय गमावून जयपूर फूटवर चालू लागलेल्या या मुलाला २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचे वुल्फ पारितोषिक विभागून मिळाले.

काल-स्फटिकांचेही अलीकडे बरेच नाव होते. ठरावीक ठोक्याने हलवले असता ठोक्याच्या दुप्पट काळाने स्वतःची लय धरणाऱ्या या प्रणाली २०१७ पासून प्रयोगशाळेत आहेत. त्या समतोल अवस्थेत नसतात, म्हणून पाणी-बर्फाच्या पंक्तीत त्यांना बसवावे का, याबद्दल मला शंका आहे.

ज्या दाबाची प्रयोगशाळेत कल्पनाही करवत नाही तो ताऱ्यांत असतो. ३१ जुलै १९३० रोजी १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. वाटेत केलेल्या गणितातून निघाले की इंधन संपलेला तारा इलेक्ट्रॉनांच्या पुंजदाबाच्या आधारावर तरून राहू शकतो, पण एका वस्तुमानापर्यंतच. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. त्याच्या पलीकडे न्यूट्रॉन तारा. साखरेच्या एका खड्याएवढ्या त्याच्या द्रव्याचे वजन वीस कोटी टनांहून जास्त भरेल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना ज्या स्पंदकांचे ठोके ऐकतात ते हेच तारे. एखाद्या स्पंदकाचा ठोका संथ होत जाता जाता अचानक किंचित जलद होतो. त्याचे मान्य स्पष्टीकरण असे की ताऱ्याच्या आत न्यूट्रॉनांचा अतिद्रव आहे, आणि त्यातले ठरल्या मापाचे भोवरे कवचातून एकदम सुटतात. लायडनच्या भांड्यात दिसलेली अवस्था कोट्यवधी अंश तापलेल्या ताऱ्यात! एवढ्या दाटीपुढे ते तापमानही थंडच ठरते.

सर्वांत तप्त टोकाला, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळली तेव्हा सुमारे चार लाख कोटी अंशांना प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑनचे द्रव्य तयार झाले. विश्व जन्मल्यावर पहिले काही मायक्रोसेकंद असेच होते. सगळ्यांना वायू अपेक्षित होता. २००५ मध्ये जाहीर झाले की तो जवळजवळ घर्षणरहित द्रव आहे. सर्नच्या अशाच प्रयोगात कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्राने बनवलेल्या शोधकाने फोटॉन मोजले. ज्या यंत्रात तिथे हे आघात होतात, त्याचे २७ किलोमीटरचे चुंबकवर्तुळ १.९ केल्व्हिनच्या अतिद्रव हेलियमने थंड ठेवलेले असते.

आपल्या घरात कुणी नववी-दहावीत असेल, किंवा तुम्ही स्वतः शिकवत असाल, तर एक विनंती आहे. तीन अवस्थांचा तक्ता शिकवाच; तो चुकीचा नाही. पण त्याच तासाला एक कॅल्क्युलेटर, एक पोलराइज्ड गॉगल आणि दोन नाणी टेबलावर ठेवा. पट्टी काळी का झाली ते मुलांना विचारा. नाणी शंभर वेळा उडवून फळ्यावर मोजायला लावा, आणि मग सांगा की ढाक्यातल्या एका शिक्षकाने हीच मोजणी वेगळी केली होती.